मैफिलीला कुत्रं न्यावं का? (भाकरीच्या आईचा प्रश्न)

मंद्रसप्तकी | रविवार, सकाळी ११:०५

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण दिवाळी पाडव्याच्या पहाटेपासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, घरी विषय काढला की नवरा म्हणतो "झालं का परत सुरू", म्हणून इथे ओततेय.

आमच्याकडे दीड वर्षाची देशी कुत्री आहे, नाव भाकरी. (रंग तसाच आहे, तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीचा, मधेमधे काळे डाग. नाव लेकीने ठेवलं, भर टेकडीवर "भाकरीऽऽ" म्हणून ओरडताना काय वाटतं ते मला विचारा.) आम्ही पुण्यात राहतो आणि रविवारी पहाटे तळजाईच्या टेकडीवर जातो. तिथे एका झाडाखाली चारपाच जण जमतात, एक बासरीवाले काका, एक पेटी, कधीतरी एक मुलगा काहोन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) घेऊन येतो. कार्यक्रम वगैरे काही नाही, आपापला रियाज. भोवती आम्ही कुत्रेवाले. भाकरी तिथे अशी काही बसते की बघत राहावं, पुढचे पाय लांब, हनुवटी त्यावर, आणि काका खालच्या सुरावर थांबले की फक्त डावा कान वळतो, उजवा नाही. दीड वर्षात माझ्या गाण्याला तिने कधी कान दिला नाही हे जाता जाता सांगते.

तर मुद्दा असा की या टेकडीच्या मैफिलीत माझी जेवढी माणसं झाली तेवढी सोसायटीत बारा वर्षांत झाली नाहीत, आणि गंमत म्हणजे एकाचंही नाव मला माहीत नाही. टॉफीचे बाबा, सिंबाची आई, ब्रूनोचा दादा, झालं. परवा बँकेत एक गृहस्थ ओळखीचं हसले, मी अख्खी रांग संपेपर्यंत विचार करतेय कोण कोण, शेवटी त्यांनीच दोन बोटं कानासारखी डोक्याला लावून दाखवली, टॉफीचे बाबा! कुत्र्याशिवाय ओळखताच आले नाहीत. मीही त्यांच्यासाठी भाकरीची आईच.

आता पाडवा. जवळच्या मैदानावर दिवाळी पहाट होती, सतरंज्या घातलेल्या, मागे खुर्च्या, टेकडीची बरीच मंडळी येणार होती म्हणून मी भाकरीला घेऊन गेले. शेवटच्या खुर्चीपाशी बसलो. पाऊण तास उत्तम. आयोजकांनी सांगितलेलं की कार्यक्रम संपेपर्यंत फटाके नकोत, पण पलीकडच्या रस्त्यावर कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि भाकरी उडालीच, पट्टा माझ्या हातातून सुटला, ती सरळ पुढच्या दोन रांगांच्या खुर्च्यांखालून गेली, पट्ट्यात एक थर्मास अडकला, आणि तो चहा एका बाईंच्या नव्या पैठणीवर. बाईंचं म्हणणं, "इथे गाणं ऐकायला आलोय की कुत्री बघायला?" मी शंभरदा सॉरी म्हटलं. ड्रायक्लीनिंगचे पैसे देते म्हटलं, त्या नको म्हणाल्या, पण ज्या पद्धतीने नको म्हणाल्या ते अजून टोचतंय.

भाकरी कुठे सापडली तर एका अनोळखी आजोबांच्या खुर्चीखाली. त्यांच्याकडे एक म्हातारं लॅब होतं, ढिम्म हललेलं नव्हतं, आणि भाकरी त्याच्या पोटाला चिकटून थरथरत होती. आजोबा म्हणाले, "बसू दे तिला, आमच्या शेरूला आता ऐकू येत नाही, त्यामुळे तो घाबरत नाही." मग आम्ही उरलेला कार्यक्रम तिथेच बसून ऐकला, मधे त्यांनी शंकरपाळे दिले.

तर प्रश्न: उघड्यावरच्या गाण्याला कुत्रं न्यावं की नाही? पैठणीवाल्या बाईंचं बरोबर की माझं? आणि तुम्हाला असे कुत्रेवाले कुठे कुठे भेटलेत तेही लिहा, नुसती भांडणं नकोत.

---

कट्टेकरी | रविवार, ११:२०

भाकरी!! आमच्या शिवाजी पार्कात एक श्रीखंड आहे, पांढरा पॉमेरियन. दोघांची सोयरीक जमवा, जेवणाचं ताट पूर्ण होईल.

---

तुसडा_पुणेकर | रविवार, ११:४८

पैठणीवाल्या बाईंचं शंभर टक्के बरोबर. महापालिकेच्या बऱ्याच बागांच्या दारावर कुत्र्यांना मनाईची पाटी असते ती काय शोभेला लावलेली नसते. गाणं ऐकायला लोक पहाटे चारला उठून येतात, त्यात लहान मुलं रडणार, मोबाइल वाजणार, आणि आता कुत्री. उद्या मांजर आणाल, परवा बैल.

(भाकरी हे नाव मात्र आवडलं.)

---

कट्टेकरी | रविवार, ११:५१

बैल आणला तर निदान टाळ्या पडल्या की मान हलवेल. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

घाबरट_घार | रविवार, दुपारी १:३२

मी थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका मंद्रसप्तकी.

मला कुत्र्याची भीती वाटते. नावड नाही, भीती. सात वर्षांची असताना आजोळी पोटरीला चावलं होतं आणि तेव्हाची ती पोटात चौदा इंजेक्शनं, ती ज्यांनी घेतलीत त्यांनाच कळेल. आज बेचाळीस वर्षांची आहे, तरी कुत्रं सहा फुटांवर आलं की तळहाताला घाम येतो. मी काय करू? गाणं मलाही आवडतं. तिकीट काढून हॉलमधे जाणं दर वेळी जमत नाही, उघड्यावरचे कार्यक्रम फुकट असतात, मोकळे असतात, म्हणून मी तिथे जाते आणि तिथेच सगळ्यांची कुत्री.

आणि मला सगळ्यात जास्त राग कुत्र्याचा येत नाही, मालकाच्या एका वाक्याचा येतो: "तो काही करत नाही हो." अहो, तो तुम्हाला काही करत नाही. मी अंग चोरून उभी आहे, तुमचा सिंबा माझ्या ओढणीचा वास घेतोय आणि तुम्ही तिथून हसत सांगताय की त्याला मैत्री करायचीय. मला नाही करायची ना! मला आता यमन संपेपर्यंत काहीही ऐकू येणार नाही, मी फक्त त्या शेपटीकडे बघत बसणार.

एकदाच एक मुलगी भेटली, तिच्याकडे मोठा काळा कुत्रा होता. तिने माझा चेहरा बघितला आणि एक शब्द न बोलता पट्टा दोन वेढे मनगटाला गुंडाळला, कुत्र्याला स्वतःच्या पलीकडच्या बाजूला घेतलं, म्हणजे तो आणि मी यांच्यामधे ती आली. बास. तेवढंच पाहिजे असतं. त्या दिवशी मी पूर्ण कार्यक्रम ऐकला, आणि निघताना तिला थँक्यू म्हटलं तर तिलाच आश्चर्य.

---

मंद्रसप्तकी | रविवार, १:५०

घार, राग कसला. "काही करत नाही" हे मी आजवर किती वेळा म्हटलंय ते आठवून लाज वाटली. खरंच वाटली. मनगटाला वेढे हे लक्षात ठेवते.

---

गुरांची_डॉक्टर | रविवार, दुपारी ३:१५

धागा उशिरा बघितला, रविवार असून दोन उलट्या आणि एक गिळलेला मोजा होता.

घार, आधी तुमच्यासाठी. ती पोटातली चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली. जुनी लस मेंढीच्या मेंदूच्या पेशींपासून बनायची, ती आपल्याकडे बंद होऊन वीस वर्षं झाली. आता दंडात घेतात, स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. जखम खोल किंवा रक्त आलेली असेल तर जखमेत वेगळं सीरमही लागतं. आणि सगळ्यात आधी, दवाखान्यात पोचायच्याही आधी, नळाखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची. हळद नको, चुना नको, मिरचीपूड तर अजिबात नको (हसू नका, मागच्याच महिन्यात बघितलीय).

मंद्रसप्तकी, आता तुमचं. डॉक्टर म्हणून सांगते, टेकडीवरची बासरी आणि दिवाळी पहाट या दोन गोष्टी तुम्ही एका मापाने मोजल्यात तिथे गडबड झाली. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, आणि हळू आवाजही त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी लांबून पकडता येतात. बासरी, पेटी, तंबोरा, यात त्यांना त्रास होण्यासारखं काही नाही. स्पीकर आला की गणित बदलतं. माझा ठोकताळा असा की जिथे शेजारच्याशी बोलायला तुम्हाला आवाज चढवावा लागतो तिथे कुत्रं नेऊ नका. आणि दिवाळीत तर कुठेच नेऊ नका, कार्यक्रम कितीही शांत असो, पलीकडच्या गल्लीतल्या पोराच्या हातातली काडी तुमच्या ताब्यात नसते. दिवाळीच्या चार दिवसांत माझ्याकडे हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो घेऊन लोक येतात, त्यातली बरीच पट्ट्यातून मान काढून पळालेली असतात. गळ्याचा पट्टा गळ्यातून निघतो हो. छातीवरून घालायचा हार्नेस घ्या.

आणि त्याचा चेहरा वाचायला शिका. झोप आलेली नसताना जांभया देतंय, समोर खायला नसताना ओठ चाटतंय, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतंय, शेपूट पोटाखाली, थंडीतही धापा. यातलं काही दिसलं की उठायचं, मग भैरवी असली तरी उठायचं. लोक म्हणतात "बघा किती शांत बसलाय, ऐकतोय". अहो कधीकधी तो ऐकत नसतो, गोठलेला असतो.

बाकी संगीत त्यांना आवडतं का, तर यावर अभ्यास झालेत. २००२ मधे बेलफास्टला निवाऱ्यातल्या कुत्र्यांना वेगवेगळं संगीत ऐकवून बघितलं, पाश्चात्त्य अभिजात संगीताला ती जास्त वेळ आडवी झाली, हेवी मेटलला अस्वस्थ झाली. नंतर २०१७ मधे ग्लासगोवाल्यांना सॉफ्ट रॉक आणि रेगेचा चांगला परिणाम दिसला, आणि असंही की तेच तेच ऐकवलं की त्यांना कंटाळा येतो. बडा ख्याल कोणी ऐकवून बघितल्याचं माझ्या वाचनात नाही, पीएचडीला विषय शोधणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

---

तुसडा_पुणेकर | रविवार, ३:४०

तेच तेच ऐकवलं की कंटाळा येतो, म्हणजे आमच्या सोसायटीच्या गणपतीतल्या गाण्यांबद्दल कुत्र्यांचं आणि माझं एकमत आहे.

---

जुना_रेकॉर्डवाला | रविवार, संध्याकाळी ६:०२

वा, छान धागा. कुत्रं आणि गाणं यावर म्हाताऱ्याचं थोडं अवांतर चालवून घ्या.

आमच्या लहानपणी एचएमव्हीची रेकॉर्ड घ्यायला दुकानात गेलं की कोणी कंपनीचं नाव सांगायचं नाही, "कुत्रा छाप द्या" म्हणायचे. कर्ण्यासमोर मान तिरकी करून बसलेला तो निपर. हा कुत्रा खरा होता, इंग्लंडातला, चित्रकार फ्रान्सिस बॅरॉडच्या भावाचा. भाऊ गेल्यावर तो बॅरॉडकडे आला. गंमत ही की चित्र काढलं तेव्हा निपर जिवंतच नव्हता, तो १८९५ मधेच गेला, चित्र त्यानंतर तीनेक वर्षांनी. आणि मूळ चित्रात त्याच्यासमोर ग्रामोफोन नव्हता, सिलिंडरवाला फोनोग्राफ होता. ग्रामोफोन कंपनीने चित्र १८९९ साली घेतलं ते त्यावर आपलं यंत्र रंगवून मिळेल या अटीवर. पुढे त्याच कुत्र्याच्या लेबलखाली आपल्याकडच्या तीन पिढ्या गाणं ऐकत वाढल्या.

पण खरी गोष्ट आपल्या घरची आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब, म्हणजे सवाई गंधर्वांचे गुरू, म्हणजे भीमसेनजींच्या गुरूंचे गुरू. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. या खाँसाहेबांकडे एक कुत्रा होता, टिपू. टिपू मियाँ म्हणायचे त्याला. खाँसाहेबांनी त्याला सुरात गायला शिकवलं होतं आणि लोकांपुढे बसवून ऐकवलंही होतं. लोक हसले असतील, पण मला विचाराल तर यात खाँसाहेबांचा तो सुराबद्दलचा हट्टच दिसतो, सूर लावणारा माणूस असो की कुत्रा, लागला पाहिजे.

तेव्हा तुसडेसाहेब, पुण्यात १९५३ पासून जो सवाई गंधर्व महोत्सव आपण स्वेटर आणि थर्मास घेऊन ऐकतो, त्याच्या वंशावळीत एक कुत्रा बसलेला आहे हे विसरू नका.

---

तुसडा_पुणेकर | रविवार, ६:१५

दंडवत. टिपूला परवानगी आहे. बाकीच्यांनी ऑडिशन द्यावी.

---

रेघोट्या | रविवार, ६:३०

निपर मालकाच्या शवपेटीवर बसलाय ना त्या चित्रात? मालकाचा आवाज ऐकतोय म्हणून?

---

जुना_रेकॉर्डवाला | रविवार, ६:४४

ती दंतकथा. चकचकीत पॉलिश केलेला पृष्ठभाग आहे एवढंच, लोकांनी त्याची शवपेटी केली. मालकाचा आवाज ही कल्पना मात्र चित्राच्या नावातच आहे, 'हिज मास्टर्स व्हॉइस'.

---

मिरजेचा_मुक्काम | रविवार, रात्री ९:१०

खाँसाहेबांचा विषय निघाला आणि मिरज नाही असं कसं चालेल.

खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना गेले, आणि त्यांना मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं. उरुसाच्या वेळी तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, रात्ररात्र गाणं, कलाकार सेवा म्हणून हजेरी लावतात. आमची गल्ली सतारमेकरांच्या जवळ, म्हणजे लहानपणापासून भोपळा तासायचा आवाज आणि जवारी काढायचा (तारेखालची घोडी घासून सूर खुलवायचा) आवाज, दुसरं काही माहीतच नव्हतं. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, कॉलर ताठ करून घेतो.)

तर सांगायचं ते हे की दर्ग्यातल्या रात्री कुत्र्यांना कोणी आणत नाही, ती आलेलीच असतात. माणसं चादरी, शाली, मुलंबाळं घेऊन बसलेली, आणि मधूनमधून एखादं कुत्रं चादरीच्या कडेला मुटकुळं करून. चारपाच वर्षांपूर्वी मी एका कुत्रीशेजारी बसलो होतो, कानाला खाच असलेली. माझ्या पलीकडे एक भाजीवाल्या मावशी. मावशींना मी विचारलं तुमची का, तर म्हणाल्या, "माझी न्हाई, पर मी तिची हाय." मंडईपासून तिच्या मागे मागे आलेली. रात्री दोनच्या सुमाराला मावशी शाल पांघरून झोपल्या, शालीचं टोक कुत्रीवर. वर मालकंस चाललेला.

तेव्हा "कुत्रं न्यावं का" हा प्रश्न आमच्याकडे उलटा आहे, कुत्र्याने तुम्हाला नेलं तर जावं.

---

गुरांची_डॉक्टर | रविवार, ९:३०

"मी तिची हाय." आज दिवसभरातलं सगळ्यात चांगलं वाक्य.

खाचेबद्दल एक ओळ: कानाची खाच म्हणजे त्या कुत्र्याची नसबंदी झालीय आणि तेव्हा रेबीजची लस दिलीय. नियमाप्रमाणे शस्त्रक्रिया करून त्याला सहसा होतं तिथेच परत सोडतात. पण लस एकदा देऊन जन्मभर पुरत नाही, त्यामुळे खाच दिसली म्हणून निर्धास्त होऊन मुलांना गळ्यात पडू देऊ नका. मावशींसारखे लोक असतात तिथे दरवर्षीचं लसीकरण सोपं जातं, कारण कुत्रं हाकेला येतं.

---

माणदेशी_वारं | सोमवार, सकाळी ७:४५

आमच्याकडचं सांगतो. आमी मेंढरं राखणारी माणसं, आता मी नोकरीला हाय पण चुलता अजून मेंढरं घेऊन कोकणाकडं जातोय. रातीला वाडा (मेंढरांचा तळ) बसला, जेवणं झाली, की कुणीतरी ओवी धरायचा, बिरोबाची नायतर म्हाळसा-बाणाईची, ढोल असला तर ढोल नायतर नुसत्या टाळ्या. लहानपणी मी चुलत्याच्या घोंगड्यात बसून ऐकायचो. आणि कुत्री? तुमी म्हणताय गाणं ऐकत बसतात. आमची कुत्री गाण्याकडं पाठ करून बसायची. तोंडं सगळी अंधाराकडं. माणसांचा घेर आतल्या बाजूला बघतोय आणि कुत्र्यांचा घेर भाईर बघतोय, लांडग्याची वाट. ढोल किती बी वाजू दे मान वळायची न्हाई, पर लांब कुठं काटकी मोडली की ओवीच्या मधीच सगळी उठून उभी. चुलता ओवी न थांबवता नुसता हात वर करायचा, मग परत बसायची.

दुसरी गोष्ट, तुमच्या धाग्यात एकमेकांस्नी कुत्र्याच्या नावानं वळखायची गंमत आली. आमच्यात बी तेच. दोन वाडे वाटंवर भेटले तर पयली चवकशी मेंढरांची, दुसरी कुत्र्याची, "तुमच्या काळ्याला औंदा पिल्लं झाली म्हनं, एक द्या की." पिल्लू दिलं घेतलं की सोयरीक झाल्यागत असतंय. मानसाचं नाव शेवटाला.

---

सासवडचा_पोऱ्या | सोमवार, ९:२०

वर माणदेशींनी बिरोबा काढला म्हणून मी खंडोबा काढतो. आमच्याकडे लग्न झालं की जागरण, रात्रभर दिमडी, तुणतुणं, घोळ, वाघ्या-मुरळी. वाघ्या म्हणजे देवाचं कुत्रंच, जुने वाघ्ये तर कोटंब्यात (लाकडी भिक्षापात्रात) वाढलेलं कुत्र्यासारखं जमिनीवर बसून खायचे, भुंकायचेही. म्हणून चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य झाला की त्यातला वाटा कुत्र्याला. त्या दिवशी आमच्या गावात कुत्र्याला हाड म्हणत नाहीत.

माझ्या भावाच्या जागरणाला मांडवात शेजारच्यांचा मोत्या येऊन बसला, सासरकडची एक शहरी मावशी म्हणाली हाकला ना त्याला, तर वाघ्या म्हातारा दिमडी थांबवून म्हणाला, "बसू द्या, तो घरचा हाय, पाव्हणा मी हाय." पुढे पहाटेपर्यंत मोत्या तिथेच. तुणतुणं जरा वरच्या सुरात गेलं की मात्र तोंड वर करून ऊऽऽ लावायचा, आणि आज्जी कपाळाला हात, कुत्रं रडतंय, अशुभ.

---

गुरांची_डॉक्टर | सोमवार, १०:०५

आज्जींना सांगा, रडत नव्हता, साथ देत होता. लांब धरलेला एकच सूर, सनई, शंख, तुणतुणं, ॲम्ब्युलन्सचा भोंगा, हे त्यांच्या हाकेसारखं लागतं, कोणीतरी लांबून बोलावतंय म्हणून ते उत्तर देतात. लांडगे कळपात असे ओरडतात तेव्हा प्रत्येक जण वेगळा सूर धरतो, एकाच सुरावर दोघं सहसा येत नाहीत. त्यामुळे कुत्रंही बहुधा तुमच्या षड्जावर षड्ज लावत नाही, बाजूचाच लावतं. टिपू मियाँला नेमका सूर लावायला शिकवणं किती अवघड गेलं असेल याचा विचार करा.

---

न्यूजर्सीची_नणंद | सोमवार, सकाळी १०:४०

इथे रात्र आहे, पण लिहून झोपते. आमच्या टाउनशिपच्या हिरवळीवर उन्हाळ्यात गुरुवारी संध्याकाळी बँड असतो, फुकट. घडीच्या खुर्च्या, टरबुजाचे डबे, आणि कुत्री. इथे टाउनशिपकडून कुत्र्याचं लायसन्स घ्यावं लागतं, त्याला रेबीजच्या लशीचं सर्टिफिकेट लागतं, म्हणून गळ्यात बिल्ला खुळखुळत असतो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मुलं. चार वर्षांचं पोर सुद्धा आधी उभं राहून विचारतं, हात लावू का? आणि मालक नाही म्हणाला तर निघून जातं, रडत नाही. आपल्याकडे मूल सरळ शेपटीपासून सुरुवात करतं.

सासूबाई इथे आल्या होत्या सहा महिने, इंग्रजी येत नाही, दिवसभर घरी. आमच्या बीगलला घेऊन त्या गुरुवारी जायला लागल्या. त्यांना तिथे एक कोरियन आजी भेटल्या, त्यांचं एक पांढरं लोकरीचं काहीतरी. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. दोघी शेजारी बसायच्या, गाणं संपलं की टाळ्या, मग एकीने बोट दाखवायचं कुत्र्याकडे आणि हसायचं. परत जायच्या आधी सासूबाईंनी त्यांना बेसनाचे लाडू नेऊन दिले. नाव अजून माहीत नाही. फोनवर विचारतात, "त्या लोकरवाल्या बाई येतात का गं?"

---

म्हापशेकार | सोमवार, ११:३०

गोव्यात किनाऱ्यावर गाणं चालू असलं की कुत्री वाळूत असतातच, पण मला आठवतो वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह. श्रावणात, अखंड २४ तास भजन, पारं (गाणाऱ्यांच्या पाळ्या) बदलतात, पाऊस चालू. मांडवाच्या कडेला पावसातून आलेली कुत्री भिजलेली, आणि पहाटे चारला ज्यांचं पार संपलं ती माणसं चहा पिताना त्यांना बिस्किटं मोडून घालतात. एक कुत्रा फक्त पखवाजवाल्याच्या मागेच बसायचा. का ते त्यालाच माहीत.

---

घाबरट_घार | सोमवार, रात्री ८:५५

सगळं वाचलं. तुमच्या मावश्या, आजोबा, लोकरवाल्या बाई सगळे छान आहेत आणि मला वाचताना डोळ्यात पाणी पण आलं. पण मला सहा फूट हवेत ते हवेतच, हे पुन्हा लिहून ठेवते, नाहीतर शेवटी सगळे म्हणतील बघा घारची भीती गेली. गेलेली नाही.

---

मंद्रसप्तकी | पुढचा रविवार, सकाळी १०:२०

अपडेट द्यायला आले.

पहिलं, हार्नेस घेतला. लाल. भाकरी त्यात लग्नातल्या घोड्यासारखी दिसते.

दुसरं, डॉक्टरांचं पटलं, घारचंही. दिवाळी पहाटेला कुत्रं नेणं ही माझीच चूक होती, पैठणीवाल्या बाईंचं बरोबर होतं. स्पीकर लावलेल्या कार्यक्रमाला आता नाही. टेकडीवर मात्र जाणार.

आज गेलो होतो. नेहमीची मंडळी, आणि एक नवीन बाई झाडापासून बऱ्याच लांब दगडावर बसलेल्या, पर्स मांडीवर घट्ट. मला लांबूनच कळलं. मी काही बोलले नाही, पट्ट्याचे दोन वेढे मनगटाला, भाकरीला पलीकडच्या बाजूला. मग टॉफीच्या बाबांनी बघितलं, त्यांनीही तसंच केलं, मग सिंबाची आई. पाच मिनिटांत आमची सगळी कुत्री झाडाच्या एका अंगाला आणि मधे मोकळी जागा. बासरीवाल्या काकांनी डोळे उघडून बघितलं, त्यांना वाटलं काहीतरी झालं, मग परत मिटले. त्या बाई शेवटपर्यंत बसल्या. घार, तुम्ही नव्हतात ना?

तिसरं, शेरूचे आजोबा आले होते. शेरूला चढ जमत नाही म्हणून नातवाने उचलून आणलेला, बत्तीस किलो! भाकरी जाऊन परत त्याच्या पोटाला चिकटून बसली, आज तर फटाकाही नव्हता. आजोबांना मी धीर करून नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. घरी येईपर्यंत विसरले.

---

घाबरट_घार | रविवार, १०:४१

मी ठाण्यात राहते हो. पण त्या बाईंना माझ्याकडून नमस्कार सांगा.

---

रेघोट्या | रविवार, ११:००

आमच्याकडे बीगल आहे, दोन वर्षांचा. पुढच्या रविवारी टेकडीवर आणू का? गाणं वगैरे त्याला कळतं असं वाटत नाही.

---

मंद्रसप्तकी | रविवार, ११:०४

जरूर आणा. टॉफीच्या बाबांच्या डाव्या हाताला बसा, उजव्या हाताला ते वडापावची पिशवी ठेवतात.